केगच्या स्क्रूला हात लावण्याआधी: या चुका टाळा

मार्च उलटला की फोन सुरू होतात. बार कुठलाही असो, केगची म्हणजे बिअरच्या पिंपाची तक्रार एकच: "साहेब, नळातून नुसता फेस येतोय, केग खराब आलाय." मी विचारतो, रेग्युलेटरला, म्हणजे गॅसचा दाब कमी-जास्त करायच्या स्क्रूला, कोणी हात लावला का? जरा वेळ कोणी बोलत नाही, मग उत्तर येतं, "थोडासा कमी केला होता." या 'थोडासा'पायी किती बिअर गटारात जाते ते मी रोज बघतो, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. ब्रूअरने आठवडेच्या आठवडे राबून केलेला माल असतो तो.

2009 मध्ये पुण्यात डूलाली ही ताजी बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर या शहरात ताजी बिअर पिणारे झपाट्याने वाढले. केग नीट हाताळणारे मात्र त्या वेगाने तयार झाले नाहीत. नवीन मुलगा कामाला लागतो, जुना त्याला कपलर (केगच्या तोंडावर बसणारी जोडणी) लावायला आणि नळ उघडायला शिकवतो, आणि शिक्षण तिथेच संपतं. मग त्याच त्या चुका एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये जात राहतात.

फेस आला की गॅस कमी करणे

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

केग म्हणजे स्टेनलेस स्टीलचं बंद भांडं, बहुतेक वेळा 20, 30 किंवा 50 लिटरचं. आत तळापर्यंत जाणारी नळी असते, तिला स्पिअर म्हणतात. कपलर लावला की वरून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, बिअरवर दाब देतो आणि बिअर स्पिअरमधून वर चढून लाइनमध्ये, म्हणजे नळापर्यंतच्या नळीत जाते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. विसरलं जातं ते हे की तोच गॅस बिअरमध्ये विरघळलेलाही असतो, आणि तो किती विरघळून राहणार हे तापमान आणि दाब मिळून ठरवतात. थंड बिअर गॅस धरून ठेवते, कोमट झाली की सोडून देते.

आकड्यांत बघा. साध्या लागर प्रकारच्या बिअरमध्ये एक लिटरमागे साधारण अडीच लिटर गॅस विरघळलेला असतो. 3 अंशांना तो तेवढाच टिकवायला 11 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दाब पुरतो. तीच बिअर 10 अंशांवर गेली की तेवढाच गॅस धरायला 17-18 पीएसआय लागतात. म्हणजे केग कोमट आहे आणि रेग्युलेटरचा काटा 11 वर आहे, तर गॅस बिअरमधून सुटणार, लाइनमध्ये बुडबुडे होणार आणि नळाला फेस येणार. अशा वेळी दाब 6 वर आणला तर गॅस आणखी वेगाने सुटतो. फेस वाढतो. दोन-तीन दिवसांनी केगमधली बिअर मिळमिळीत होते, गिऱ्हाईक ग्लास परत करतं, मग कोणीतरी काटा 20 वर नेतो. आता बिअरमध्ये जास्तीचा गॅस मुरतो आणि पुन्हा फेस. या चक्रात एकदा अडकलेली लाइन मूळ पदावर आणायला आठवडा जातो.

पुण्यातल्या एका बारची गोष्ट सांगतो. एप्रिल महिना, शनिवारची संध्याकाळ, हॉल गच्च भरलेला आणि चारही नळांना फेस. मॅनेजर तापलेला. ब्रुअरीने खराब माल पाठवला म्हणून त्याने दोन केग परत पाठवायला दारात काढून ठेवले होते. रेग्युलेटर 5 वर. कोल्ड रूमच्या दारावरचा डिजिटल आकडा 3 अंश दाखवत होता, आणि तो बोटाने तोच आकडा मला दाखवत होता: "बघा साहेब, थंडी तर बरोबर आहे." तो आकडा खोलीतल्या हवेचा होता. मी नळातून एक ग्लास सोडला, फेकला, दुसरा भरला आणि त्यात थर्मामीटर धरला. 11 अंश.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. केग दुपारी साध्या टेम्पोतून, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, उन्हातून आले होते. सहा वाजता उतरवले, सात वाजता लावले. त्यात किचनची भाजी, पनीर आणि दह्याची भांडी त्याच कोल्ड रूममध्ये, त्यामुळे पोरं दर पाच मिनिटांनी आतबाहेर. दार उघडं राहावं म्हणून खाली क्रेट लावलेला. आत आल्या आल्या केगभोवती गरम हवेचा झोत.

त्या रात्री दोन नळ बंद ठेवायला लावले. मॅनेजरला ते अजिबात आवडलं नाही. दाब 12 वर आणला, क्रेट काढला, दार बंद केलं आणि सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत या केगना कोणी शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच 'खराब' केगमधून सुंदर ग्लास भरले. परत पाठवायला काढलेले दोन्ही केगसुद्धा उत्तम निघाले.

50 लिटरचा तापलेला केग काही अंशांनी खाली यायला जवळपास पूर्ण दिवस घेतो. बर्फाच्या टबात उभा करून अर्ध्या तासात होईल असं सांगणारे भेटतात. बाहेरचा पत्रा गार होतो, मधली बिअर तशीच राहते. उद्या लागणारा केग आज कोल्ड रूममध्ये असलाच पाहिजे, यात तडजोड नाही. मी कामाला जाताना खिशात थर्मामीटर ठेवतो आणि नेहमी दुसऱ्या ग्लासचं तापमान बघतो, कारण पहिला ग्लास लाइनमध्ये उभी असलेली बिअर घेऊन येतो. तापमान बरोबर असेल तर मग कपलरचं वॉशर, मग लाइन कुठे दुमडली आहे का, मग नळ. रेग्युलेटर सगळ्यात शेवटी. आणि रेग्युलेटरला हात लावायचा तर आधीचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

इथे उंचीचाही हिशेब आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर वर गेलं की काट्यावर एक पीएसआय वाढवावा लागतो. पुणे जवळपास 560 मीटरवर आहे. मुंबईत 11 वर छान चालणारी बिअर पुण्यात 12 मागते. मुंबईच्या शाखेचा आकडा फोनवर विचारून इथे लावणारे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लाइनची लांबी मनाला येईल तशी कापणे

लाइन म्हणजे पाण्याचा पाइप नव्हे. तिच्यातलं घर्षण केगचा दाब खाऊन टाकतं, आणि नळापाशी बिअर सावकाश यावी म्हणून ते घर्षण हवंच असतं. 3/16 इंची विनाइल नळी दर फुटाला साधारण 3 पीएसआय खाते, पाव इंची नळी 0.85. म्हणजे 12 पीएसआयला पहिली 4 फूट पुरते, दुसरी 14 फूट लागते. "जास्तीची होती म्हणून कापली" हे वाक्य ऐकलं की मला पुढचं सगळं कळतं. लाइन फॉल्स सीलिंगमधून नेली असेल तर सोबत ग्लायकॉलची (न गोठणारा गार द्रव) थंड नळी आणि वरून जाड इन्सुलेशन हवंच. वर छतात उन्हाळ्यात काय तापतं ते एकदा हात घालून बघा.

ब्लीचिंग आणि 'ॲसिड'ने सफाई

ही चूक मला पहिलीपेक्षा जास्त लागते, कारण ती भांडंच मारून टाकते.

एका ठिकाणी बोलावणं आलं ते वासासाठी. बिअरला जखमेवर लावायच्या औषधासारखा वास होता. बारमन म्हणाला, लाइन तर आम्ही परवाच धुतली, एकदम कडक धुतली. कशाने? हाउसकीपिंगच्या खोलीतून बाटली आणली: फरशीसाठीचं ब्लीच. क्लोरीन आणि बिअरमधली फिनॉलं एकत्र आली की तो वास तयार होतो, आणि तो इतक्या सूक्ष्म प्रमाणातही कळतो की चार वेळा पाणी सोडून जात नाही. सगळ्या नळ्या फेकाव्या लागल्या. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी स्वतःच्या मालकीचे तीन छोटे केगही ब्लीचच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवले होते. आत टॉर्च मारली तर वेल्डिंगच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही कारण त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. क्लोराइड तो थर जागोजागी भेदतं. एकदा खड्डा पडला की त्यात बिअरचा अंश बसतो, जंतू बसतात आणि कुठलाही ब्रश तिथे पोचत नाही. बाथरूम साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड तर त्याहून लवकर खातं. आणि हे दोन्ही एकत्र कधीच येऊ देऊ नका. ब्लीचवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद कोल्ड रूममध्ये माणूस जायबंदी होईल. तारेच्या घासणीलाही केगजवळ जागा नाही. तिचे लोखंडी कण पृष्ठभागावर रुततात आणि तिथून गंज सुरू होतो.

लाइनसाठी 2 ते 3 टक्के कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइड) क्लीनर, पाणी कोमट म्हणजे 27 ते 43 अंशांमधलं, पंपाने निदान 15 मिनिटं फिरवायचं. पंप नसेल तर भरून 20 मिनिटं ठेवायचं. मग साध्या पाण्याने धुवायचं, आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका येईपर्यंत धुवायचं. पीएच मोजायची पट्टी स्वस्त मिळते, जिभेवर घेऊन बघू नका. हे दर दोन आठवड्यांनी. कॉस्टिक प्रथिनं, यीस्ट आणि साखरेचा चिकटा काढतं, पण बिअर स्टोन म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा थर त्याला दाद देत नाही. त्यासाठी दर तीन महिन्यांनी लाइनसाठीचंच ॲसिड क्लीनर, कॉस्टिक पूर्ण धुऊन काढल्यावर. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरत असाल तर थर लवकर जमतो. हातमोजे आणि चष्मा घाला. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

नळ उघडून, एकेक भाग सुटा करून ब्रशने घासायचा. "बाहेरून पुसला" याला सफाई म्हणत नाहीत. नळाच्या तोंडाशी चिलटं दिसायला लागली की समजा, आत आंबट व्हिनेगर तयार होतंय.

छोट्या ब्रुअरीतल्या नवीन मुलांसाठी एवढंच: टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असताना आत कॉस्टिक सोडू नका. कॉस्टिक गॅस शोषून घेतं, त्याचा सोडियम कार्बोनेट होतो, आत पोकळी तयार होते आणि पातळ पत्र्याची टाकी बाहेरच्या हवेच्या दाबाने आत चेपते. कॉस्टिक वाया जातं ते वेगळंच. आधी हवा खेळवून गॅस काढा.

दाबाखालचा केग उघडणे

व्हिडिओ बघून केगचा स्पिअर काढायला बसणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हे करू नका. रिकामा वाटणारा केगसुद्धा दाबाखाली असतो. अडकवणारी कडी निघाली की स्पिअर गोळीसारखा वर उडतो. जगात यात माणसं गेली आहेत. केग कापून तंदूर किंवा शेगडी करायची हौस असते काहींना. बंद केगला आच द्यायची किंवा ग्राइंडर लावायचा म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आणि तो केग बहुतेक वेळा ब्रुअरीच्या मालकीचा असतो, हेही लक्षात ठेवा.

गॅसच्या बाबतीत कंजुषी

वेल्डिंगच्या दुकानातून सिलिंडर भरून आणणं हा सगळ्यात फसवा शॉर्टकट. तिथला गॅस कधी मिश्रण असतो, कधी त्यात तेलाचा अंश असतो. पोटात जाणाऱ्या बिअरला फूड ग्रेडचाच कार्बन डायऑक्साइड, बिल हातात घेऊनच.

सिलिंडरचा मोठा काटा बघून "अजून अर्धा आहे" असं म्हणता येत नाही. आत द्रव गॅस असतो आणि थेंबभर द्रव शिल्लक असेतो काटा जवळपास एकाच जागी राहतो. 20 अंशांना तो 57 बारच्या (हेही दाबाचं एकक) आसपास. काटा पडायला लागला म्हणजे शेवटचा टप्पा आला. वजन करा. रिकामं वजन सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलं असतं, तिथेच तपासणीची तारीखही असते, तीही वाचा. 31 अंशांच्या वर हा गॅस द्रवरूपात राहूच शकत नाही, दाब खूप चढतो. नागपुरात मे महिन्यात सिलिंडर गच्चीवर ठेवलेला मी पाहिलाय. सावलीत, उभा, साखळीने भिंतीला बांधलेला, अशी त्याची जागा. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि रेग्युलेटर निकामी होतो.

आता जिवावरची गोष्ट. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड. गळती झाली की तो कोल्ड रूमच्या तळाशी साचतो. आत वाकून केग उचलणाऱ्या पोराला आधी धाप लागते, डोकं दुखतं, आणि तो कोसळला तर त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. दिवसभराच्या कामासाठी 5000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 5000 भाग) ही मर्यादा मानली जाते. अलार्म बसवा. चार केगच्या किमतीपुढे तो काहीच नाही. दर नवीन सिलिंडर लावताना प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघा, वॉशर प्रत्येक वेळी नवीन. "जुनंच चालतंय" म्हणणाऱ्याच्या हाताखाली मी माझा माणूस कामाला पाठवत नाही.

लाकडी पिंपाची घाई

हल्ली बारच्या काउंटरवर दोन लिटरचं गोंडस लाकडी पिंप दिसतं. आत रम किंवा एखादं कॉकटेल मुरत असतं आणि मेन्यूवर 'ओक एज्ड'. इथे घाईचं वेगळंच रूप बघायला मिळतं. नेहमीचं व्हिस्कीचं बॅरल साधारण 200 लिटरचं असतं. त्याच आकाराचं दोन लिटरचं पिंप केलं तर दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श साडेचार पटींहून जास्त होतो. म्हणून लाकडाचा रंग आणि कडवटपणा काही आठवड्यांतच उतरतो, पण हवेशी हळूहळू होणारं मुरणं व्हायला वर्षं लागतात, ते काही होत नाही. स्कॉच म्हणवून घ्यायला 700 लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं हा नियम उगीच झालेला नाही. दोन लिटरच्या पिंपात दर दोन-तीन दिवसांनी चमचाभर चाखा आणि आवडलं की लगेच काचेच्या बाटलीत काढा. महिनाभर विसरून गेलात तर हाती लाकडाचा काढा येईल.

कोरडं पिंप थेट भरू नये, पट्ट्यांच्या फटीतून सगळं गळतं. आधी पाण्याने भरून एक ते तीन दिवस ठेवा, कमी होईल तसं वर भरत राहा, लाकूड फुगून फटी मिटतात. तेच पाणी आठवडाभर ठेवू नका, वास धरतो. आपल्याकडे मार्च ते मेमधल्या कोरड्या हवेत रिकामं ठेवलेलं पिंप आकसतं, कड्या सैल होतात. कोकणात पावसाळ्यात बाहेरून बुरशी धरते. दारूच्या ताकदीवरही हवेचा परिणाम होतो. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं आणि ताकद चढते, दमट हवेत उलटं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के माल हवेत जातो. बेंगळुरूत अमृत या व्हिस्की कंपनीच्या गोदामात हे प्रमाण 10 टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणून तिकडच्या वर्षांचे आकडे इकडे लावून हिशेब करू नका.

नाशिकच्या वायनरीतून सजावटीला आणलेलं 225 लिटरचं जुनं पिंप नंतर कुणाला तरी भरावंसं वाटतं. आधी नाक घालून बघा. व्हिनेगरचा वास असेल तर ते कुंडीसाठीच ठेवा. धुवायला क्लोरीन इथेही बंद, लाकडात बुरशीचा वास कायमचा बसतो. गंधकाची कांडी जाळून पिंप जपायची पद्धत वायनरीत आहे, पण ज्यातून नुकतीच कडक दारू काढली त्यात ती पेटवू नका. आतली वाफ भडकते.

बाकीचं थोडक्यात

कपलरचे प्रकार वेगळे असतात. युरोपी एस, अमेरिकन डी, जर्मन ए. बसत नसेल तर जोर लावू नका, केगच्या गळ्यावरची खूण बघा.

ओ-रिंगला व्हॅसलीन नको. त्याने रबर फुगतं. फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब वर्षभर पुरते.

पार्टीत हाताच्या पंपाने हवा भरून केग चालवलात तर तो त्याच रात्री संपवा. दुसऱ्या दिवशी त्याला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

ग्लास तेलकट असेल तर फेस टिकत नाही आणि बुडबुडे कडेला चिकटतात. बारचे ग्लास किचनच्या भांड्यांबरोबर धुऊ नका.

केग आला की त्यावर खडूने तारीख घाला. आधी आलेला आधी लावा. ताजी, पाश्चराइज न केलेली बिअर थंडीतही आठवड्यांच्याच हिशेबाने टिकते.

रिकामा केग उन्हात किंवा पार्किंगमध्ये ठेवू नका. कपलर काढल्यावर गळ्यावर पाणी मारा, टोपी लावा आणि ब्रुअरीला परत करा. टोपीशिवाय आठवडाभर पडलेल्या केगच्या गळ्यात चिलटं अंडी घालतात, मग तो धुणाऱ्याचा अर्धा दिवस जातो. केगमध्ये खरंच काही बिघाड वाटला असेल तर गळ्याला दोरीने चिठ्ठी बांधा: कुठल्या तारखेला लावला, ग्लासमध्ये किती अंश होती, दाब किती होता. या तीन आकड्यांवरून ब्रूअर दहा मिनिटांत सांगेल चूक कुठे आहे.